खालचा अर्धा कागद

माझे बाबा रेल्वेच्या टपालात सॉर्टर होते. चालत्या गाडीच्या टपालडब्यात उभं राहून पत्रं गावागावांच्या खणांत टाकायची, थैल्या बांधायच्या आणि ज्या त्या स्टेशनावर उतरवून द्यायच्या, असं ते काम. एकतीस वर्षं त्यांनी ते केलं. निवृत्त होऊन अर्जुनी मोरगावला घरी आले तेव्हा त्यांना खुर्चीत बसून डुलकी येत नसे, पण दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले की पाच मिनिटांत घोरायला लागायचे. आई म्हणायची, यांच्या पायाखाली अजून गाडी चालूनच राहिली आहे.

मी गावातल्याच कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवत होते. लग्न झालेलं नव्हतं आणि त्याची काळजी करायचं काम सगळ्या गावानं आपसांत वाटून घेतलं होतं, त्यामुळे मला स्वतःला दुपारी बराच वेळ मिळायचा. दोन हजार पाचच्या सुमाराला आमच्या कॉलेजच्या वाचनालयात पुस्तकांची नोंद ठेवायला एक मोफत प्रोग्रॅम बसवला. कोणी बसवला, तर मीच. तो इंग्रजी पुस्तकं शहाण्यासारखी ओळीनं लावायचा आणि मराठी पुस्तकं मनाला येईल तशी. मला अशा गोष्टींचा फार राग येतो. कपाटात पुस्तक आहे आणि यादीत सापडत नाही, म्हणजे काय?

हा प्रोग्रॅम कुणा एकाच्या मालकीचा नव्हता. त्याचा सगळा कोड उघडा ठेवलेला होता. ज्याला चूक दिसेल त्यानं ती आपल्या घरी दुरुस्त करायची आणि बदललेल्या ओळींची एक फाइल पाठवून द्यायची. पटली तर ती सगळ्यांसाठी प्रोग्रॅममध्ये जायची, नाही पटली तर कारण सांगून परत यायची. जगभरातले वीसपंचवीस लोक हे काम हौसेनं करत. त्यांच्यावर देखरेख करणारे एक गृहस्थ होते, कुठल्याशा बर्फाच्या देशातले निवृत्त ग्रंथपाल. मी त्यांना मनातल्या मनात कारभारी म्हणायची. मराठी पुस्तकं नीट ओळीनं लागावीत म्हणून लागणारी दुरुस्ती मी तीन आठवडे खपून केली. मग प्रश्न आला की पाठवायची कशी.

आमच्याकडे तेव्हा इंटरनेट म्हणजे फोनच्या तारेतून येणारी कुरकुर होती. कुरकुर संपेपर्यंत वीज जायची. बाबा दोन दिवस माझी चिडचिड बघत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून, कापडी पिशवीत डबा घेऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"आन इकडं. गोंदियाले नेऊन देतो."

"बाबा, ते काही पार्सल नाही."

"मंग का हाये? इथून उचलाचं, तिथं पोचवाचं. तुहं काम तू कर. नेनं माह्यं काम हाये."

मी पेन ड्राइव्ह त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला, त्यावर पत्ता लिहायला जागाच नाही म्हणून नापसंती दाखवली, मग एका जुन्या पाकिटात घातला, पाकिटावर माझं नाव लिहिलं आणि सकाळची पॅसेंजर पकडली. गोंदियाला स्टेशनजवळ एक सायबर कॅफे होता. तिथला मालक त्यांना बाबूजी म्हणायचा. संध्याकाळच्या गाडीनं बाबा परत आले ते दहा वर्षांनी तरुण होऊन.

पुढची तीन वर्षं असंच चाललं. महिन्यातून दोनदा, कधी तीनदा. मी दुरुस्ती करायची, बाबा गोंदियाला न्यायचे. माझ्या खात्यातून पाठवा म्हणून मी त्यांना पासवर्ड सांगितला तर केवढे संतापले! दुसऱ्याच्या नावाचा शिक्का आपण मारत नसतो म्हणाले. कॅफेच्या मालकाकडून त्यांनी स्वतःच्या नावाचा मेलचा पत्ता उघडून घेतला आणि सगळं त्यावरून, थेट कारभाऱ्यांच्या नावानं पाठवू लागले. घरी एक वही केली. दुरुस्तीचा क्रमांक, कोणाकडून आली, कोणाच्या हातून गेली, कधी गेली, पोच कधी आली. पोचेचा रकाना रिकामा असला की त्यांना जेवण गोड लागायचं नाही. उत्तर आलं आहे का बघायला ते पुन्हा गोंदियाला जायचे. हे मला वेडेपणाचं वाटायचं आणि मी तसं बोलूनही दाखवायची.

कारभाऱ्यांचं उत्तर ते छापून आणत. एक गंमत मात्र होती. तो कागद नेहमी अर्धा असायचा. फूटपट्टी लावून नीट फाडलेला वरचा अर्धा भाग माझ्या टेबलावर यायचा. त्यात माझ्या कोडाबद्दल लिहिलेलं असायचं. हे बरं आहे, हे नीट करा, अमुक ओळ कशासाठी? मला वाटायचं, खालचा भाग कोरा असेल आणि बाबा तो हिशेबाच्या चिटोऱ्यांसाठी ठेवून घेत असतील. टपालातल्या माणसाला कोरा कागद टाकवत नाही, एवढाच मी त्याचा अर्थ लावला. मला माझ्या ओळींशी काम होतं.

मग आमच्याही गावात बऱ्यापैकी इंटरनेट आलं. त्याच उन्हाळ्यात बाबांना गाडीतून उतरताना घेरी आली आणि ते फलाटावर बसले. विशेष काही नव्हतं, पण मी घाबरले. घाबरले की मी रागावते, ही माझी जुनी खोड आहे. मी जाहीर केलं की आता गोंदियाच्या फेऱ्या बंद.

आणि मी एक स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला दिलेली कामाची यादी, एकामागून एक आपोआप करायची. मी फाइल सेव्ह केली की ती आधी प्रोग्रॅम चालवून बघायची, बिघडला नसेल तर बदललेल्या ओळी वेगळ्या काढायची, सोबतचं पत्र लिहायची, खाली माझ्या सहीची ओळ घालायची आणि मेल पाठवून द्यायची. आता कारभाऱ्यांना एकट्यांना नाही, तर मेलिंग लिस्टवर, म्हणजे काम करणाऱ्या सगळ्यांना एकदम. उत्तर आलं की तेही तीच उघडायची, 'घेतली' आहे की 'परत' आहे एवढं बघायची आणि तारखेसह टिपून ठेवायची. सेव्ह केलं की लगेच पाठवायचं, हे मी मुद्दाम ठरवलं होतं. वीज कधी जाईल याचा नेम नसायचा. हातात आहे तोवर गेलेलं बरं.

मला त्या स्क्रिप्टचा फार अभिमान होता. पहिली दुरुस्ती तिच्यातून गेली तेव्हा मी बाबांना हाक मारून दाखवलं. वही, पाकीट, पॅसेंजर, सगळं चार सेकंदांत.

बाबांनी पडद्याकडे पाहिलं. "गेली?"

"गेली."

"पोच?"

"तीही आपोआप लिहिली जाते. तुम्हाला काहीच करायला नको."

"बरं झालं," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "मंग आता मी का करू?"

मी म्हणाले, आराम करा. काय उत्तर दिलं मी! आज ते आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

बाबांनी आराम केला. पहिल्या महिन्यात त्यांनी रोज दाढी करणं सोडलं. दुसऱ्या महिन्यात ते सकाळची पॅसेंजर गेली की घड्याळ बघायचे आणि गाडीला किती उशीर झाला ते आईला सांगायचे. आईला त्याचं काय करायचं होतं? इस्त्रीचे शर्ट कपाटात तसेच राहिले. एकदा मी कॉलेजातून आले तर बाबा माझ्या टेबलासमोर उभे होते, हात पाठीमागे बांधून, बंद पडद्याकडे बघत. मला बघून बाजूला झाले. माझ्याच घरात माझे बाबा पाहुण्यासारखे वागायला लागले होते, आणि हे मी केलं होतं.

म्हणून मी त्यांच्यासाठी काम काढलं. प्रोग्रॅममधल्या सूचना सगळ्या इंग्रजीत होत्या. पुस्तक परत करा, वाचकाचं नाव लिहा, असल्या. त्या मराठीत आणायच्या होत्या. मी बाबांना फाइल उघडून दिली. इंग्रजी ओळीखाली मराठी ओळ लिहायची, बस. टायपिंग ते कॅफेत शिकलेच होते. त्यांनी त्याच दिवशी दाढी केली.

एक गोष्ट मी त्यांना बजावून सांगितली, जी तेव्हा आमच्या भागातला प्रत्येक जण प्रत्येकाला सांगायचा: एक ओळ लिहिली की सेव्ह करा, नाहीतर वीज गेली तर सगळं गेलं. आमच्याकडे भारनियमन दिवसाला आठ-आठ, दहा-दहा तास असायचं. फोटो स्टुडिओवाला, पंचायतीतला बाबू, आमच्या कॉलेजचे प्राचार्य, सगळ्यांची बोटं आपोआप त्या दोन बटणांवर जायची. बाबांना ती सवय लावावी लागली नाही. टपालाचा शिक्का मारल्यासारखे ते बटणं दाबायचे, ठाप, आणि पुढची ओळ.

पहिले काही दिवस ते कॉलेजच्या संगणकावर बसून करत होते. परीक्षा आल्या, तिथली खोली बंद झाली, म्हणून मी ती फाइल घरच्या संगणकावर आणून ठेवली. कुठे ठेवली, तर माझ्या बाकीच्या कोडाशेजारी. स्क्रिप्टची नजर असलेल्या त्याच फोल्डरमध्ये. मला ते सुचलंच नाही. गणित शिकवणारी बाई आणि एवढं साधं गणित चुकली.

त्या दुपारी मी परीक्षेला सुपरव्हिजन करत होते. घरी वीज चक्क साडेतीन तास टिकली. बाबा खुशीत होते. एक ओळ, ठाप. एक ओळ, ठाप. प्रत्येक ठापेबरोबर स्क्रिप्ट प्रोग्रॅम चालवून बघायची, काही बिघडलेलं नसायचं, आणि ती एका ओळीची दुरुस्ती, सोबत माझ्या सहीचं गुळगुळीत पत्र, जगभरातल्या वीसपंचवीस लोकांच्या दारात जाऊन पडायची. एकशे सतरा वेळा.

मी संध्याकाळी घरी आले आणि मेल उघडली. आधी कुणीतरी विचारलं होतं, हे काय चाललंय. मग कुणीतरी चिडून लिहिलं होतं. मग एकानं फारच वाईट लिहिलं होतं. शेवटी कारभाऱ्यांच्या दोन ओळी होत्या. हा पत्ता म्हणजे ताबा सुटलेलं यंत्र दिसतं. एखादा माणूस बोलेपर्यंत तो बंद करत आहे.

मी भडकले. कुणावर भडकावं हेही मला कळत नव्हतं, आणि बाबा समोरच उभे होते, चष्मा पुसत, आज केवढं काम झालं ते सांगायला आलेले.

"एकशे सतरा मेल गेल्या, बाबा! एकशे सतरा! माझं नाव काळं झालं तिथे. चार वर्षांचं काम!"

बाबांनी चष्मा लावला, पडद्यावरची यादी खालपर्यंत वाचली. सगळी वाचली, एकही ओळ न सोडता. मग टेबलावरची आपली वही उचलली, शिसपेन तिच्यात घातली आणि आत निघून गेले. जेवायला बसले आणि अर्ध्यावर उठले. चूक त्यांची नव्हती हे मला तोवर समजलं होतं. पण मी ते बोलले नाही. राग ओसरायला मला एक दिवस लागतो, आणि तो एक दिवस मी त्यांच्याकडून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी परीक्षेहून आले तर घरात बाबा नव्हते.

"तुहे बाबा गोंदियाले गेले," आई म्हणाली.

"कायले?" माझ्याही तोंडून घरचीच भाषा निघाली.

"मले का सांगतेत ते? सकारीच इस्त्रीचा शर्ट घातला, डबा घेतला, गेले. म्या म्हनलं घेरी येईन, तं म्हनते, येईन तं येईन." आईनं तांदूळ निवडायचं सूप खाली ठेवलं. "तू कायले ओरडली वं त्याईले? काल रातभर पडून होते, झोपले नाही. मले म्हनते, पोरीचं काम माह्या हातून बुडालं."

मी स्टेशनवर गेले. संध्याकाळच्या गाडीला दीड तास होता. मी त्या फलाटावर बसले जिथे बाबा मागे घेरी येऊन बसले होते. एवढ्या वर्षांत मी त्यांना न्यायला एकदाही स्टेशनवर आले नव्हते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. ते सत्तरऐंशी वेळा तरी माझं काम घेऊन इथून गेले आणि इथेच उतरले, आणि मी घरी बसून विचारायची, आलं का उत्तर? मला स्वतःची लाज वाटली. गाडी अर्धा तास लेट होती. तो अर्धा तास मी कसा काढला ते माझं मलाच ठाऊक.

बाबा तिसऱ्या डब्यातून उतरले, दांड्याला धरून, सावकाश. मला पाहून थांबले.

"तू काऊन आली?"

"न्यायला."

"मी का पार्सल हावो?" ते म्हणाले, आणि पिशवीतून पाकीट काढून माझ्या हातात दिलं. आतला कागद फाडलेला नव्हता. अख्खा होता.

आम्ही तिथेच बाकावर बसलो. वरच्या बाजूला बाबांनी सकाळी पाठवलेलं पत्र होतं, त्यांच्या टपाली इंग्रजीत. महोदय, सविनय कळवितो की एकतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून एकही थैली चुकीच्या गावी गेली नाही. कालची एकशे सतरा पत्रे माझ्या हातून गेली. मुलीचा दोष नाही, ती त्या वेळी कामावर होती. तरी मला यादीतून काढावे आणि तिला ठेवावे. आपला, आणि खाली पूर्ण सही.

त्याखाली उत्तर होतं. बाबा सकाळी पत्र पाठवून ते येईपर्यंत कॅफेतून हललेच नव्हते.

कारभाऱ्यांनी लिहिलं होतं की तुमचं पत्र पाहून किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. गेले आठ महिने तुमच्या गावाहून दुरुस्त्या येत होत्या, पण सोबतची पत्रं कोरडी होती. गावची बोडी पावसाच्या पाण्यानं भरली की नाही, शेतात धान लागला की नाही, गाडीला किती उशीर झाला, यातलं काहीच त्यांत नव्हतं. मी दोनदा उत्तरात विचारलं की दुरुस्त्या आणून देणारे गृहस्थ बरे आहेत ना. दोन्ही वेळा उत्तर आलं नाही, म्हणून मी वाईट काहीतरी समजून बसलो होतो. आमच्याकडे कुणाला काढायचं नाही. पत्ता मोकळा करतो. पण आमचा एक नियम मात्र मोडला गेला आहे आणि त्याबद्दल मला बोललं पाहिजे.

नियम असा होता. दुरुस्ती ज्या ज्या माणसाच्या हातून जाईल, त्या प्रत्येकानं तिच्याखाली आपल्या सहीची एक ओळ घालायची. लिहिणाऱ्याची पहिली, पोचवणाऱ्याची त्याखाली. त्या ओळी कोडाबरोबर कायमच्या राहतात. तुमच्या मुलीच्या पहिल्या तीन वर्षांच्या प्रत्येक दुरुस्तीखाली तुमची ओळ आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. गेल्या आठ महिन्यांत एकाही दुरुस्तीखाली नाही. ती का काढली?

मी बाबांकडे बघितलं. "तुम्ही सही घालत होता?"

"मंग? नियमात लिवलं हाये." त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "तिथं पयल्या दिवशी नियमाचं पान होतं. बारा पानं. म्या छापून घेतले, डिक्शनरी घेऊन वाचले गाडीत. थैली बांधली तं बांधनाऱ्याची सही, नेली तं नेनाऱ्याची सही. तुमच्यातबी तसंच हाये. तू वाचले नाही का?"

नव्हते वाचले. चार वर्षांत नव्हते वाचले. माझी सहीची ओळ मी दुसऱ्या कुणाची तरी बघून उतरवली होती आणि तीच स्क्रिप्टला शिकवली होती. त्या चार सेकंदांत फक्त पाकीट आणि पॅसेंजर गेली नव्हती, बाबांचं नाव गेलं होतं. आणि 'घेतली' की 'परत' एवढंच बघणाऱ्या माझ्या हुशार स्क्रिप्टनं, बाबा बरे आहेत ना, हा प्रश्न दोनदा वाचून दोनदा टाकून दिला होता.

"आणि ते खालचे अर्धे कागद?" मी विचारलं.

"ते माहे होते," बाबा म्हणाले. "तुहं वरतं असे, माहं खालतं. दुसऱ्याचं टपाल वाचाचं नसते. म्हनून फाडून ठेवत होतो."

मी रडले. फलाटावर, चहावाल्यासमोर, चांगली मोठ्यानं रडले. बाबा कावरेबावरे झाले. त्यांनी डब्यातली उरलेली अर्धी पोळी काढून माझ्यापुढे धरली, लहानपणी धरायचे तशी, आणि मी ती खाल्लीही. घरी पोचलो तर आई दारातच होती. दोघांची तोंडं बघून म्हणाली, "या दोघाईले एकाच थैलीत बांधून कुठंतरी पाठवून देवा लागते."

रविवारी मी स्क्रिप्ट पुन्हा लिहायला बसले. बाबा शेजारी खुर्ची घेऊन बसले आणि एकेक पायरी विचारत गेले. प्रोग्रॅम तपासणं, ओळी वेगळ्या काढणं, हे यंत्रानं करावं, त्याला त्यांची हरकत नव्हती. "बांधाचं काम कोनीबी करो," म्हणाले. पण सेव्ह केलं की गेलं, हे मी काढून टाकलं. आता दुरुस्त्या साठून राहायच्या. बाबा सांगतील तेव्हा सगळ्यांची मिळून एक थैली बांधली जायची. मग स्क्रिप्ट थांबायची आणि पडद्यावर मराठीत विचारायची: नेणाऱ्याची सही? ती मिळाल्यावर पुन्हा थांबायची, सोबतचं पत्र लिहायला मोकळी जागा द्यायची. ते पत्र लिहून होईपर्यंत काहीही कुठेही जायचं नाही. आलेली उत्तरं तिनं उघडायची नाहीत, फक्त आलं आहे एवढं सांगायचं.

पहिली थैली त्या एकशे सतरा ओळींचीच होती, एकत्र बांधलेली. बाबांनी आपली सहीची ओळ स्वतःच्या बोटांनी टाइप केली, माझ्या ओळीखाली. मग पत्र लिहायला घेतलं. मी बघू नये म्हणून पडदा जरा तिकडे वळवला. चांगली वीस मिनिटं लावली त्यांनी. मी, जिला चार सेकंद पुरत होते, वीस मिनिटं भिंतीकडे बघत बसले. शेवटी त्यांनी बटण दाबलं, ठाप, आणि वही ओढून घेतली. क्रमांक. कोणाकडून. कोणाच्या हातून. तारीख.

आणि वीज गेली.

पंखा थांबला, पडदा काळा झाला. गेली की राहिली, काही कळायला मार्ग नव्हता. मी उठायला लागले.

"कुठं चालली?" बाबा म्हणाले. "पोच नाही आली."

"बाबा, आता चार वाजेपर्यंत वीज येत नाही."

"मंग चार वाजेपर्यंत बसू."

आम्ही बसलो. आईनं मधेच येऊन चहा ठेवला आणि गेली. बाबांनी मला टपालाच्या डब्यातल्या गोष्टी सांगितल्या. थंडीत थैलीवर बसून कसं ऊबदार वाटायचं, एकदा एका थैलीतून जिवंत मधमाशा कशा निघाल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना कधी विचारलं नव्हतं आणि त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. साडेचारला पंखा हलला. मी संगणक सुरू केला. थैली गेली होती, आणि उत्तर येऊन पडलं होतं.

बाबांनी वहीतला पोचेचा रकाना भरला. वेळही लिहिली. मग मी उत्तर उघडलं आणि माझा भाग वाचला. दुरुस्ती घेतली, दोन शब्द बदला, छान काम. त्याखाली थोडी जागा सोडून आणखी मजकूर होता, बराच, आणि त्याच्या सुरुवातीला बाबांचं नाव होतं. मी खुर्ची त्यांच्याकडे सरकवली आणि चहाचे कप घेऊन आत गेले.